आधी ट्यूबलाईट बघा, मग फ्रेम रेट ठरवा

मागच्या डिसेंबरात मामेबहिणीचा साखरपुडा झाला कराडला. मामाने शूटिंगवाले सांगितले होतेच, पण माझ्या हातात नवा कॅमेरा आलेला, खाज काही जाईना, म्हटलं मी पण करतो बाजूने, नंतर दोघांचं मिक्स करू. कॅमेरा न्यू जर्सीच्या आतेभावाने दिवाळीत येताना आणलेला, त्याने तिकडे वर्षभर वापरलेला, बॉक्स नाही मॅन्युअल नाही, "सेटिंग सगळं करून ठेवलंय, तू फक्त बटण दाब" एवढं सांगून तो परत गेला. आणि मी खरंच फक्त बटण दाबलं.

सेटिंग काय होतं तर ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं), यालाच फ्रेम रेट म्हणतात, आणि शटर १/१२०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा एकशे विसावा भाग उजेड. मी यूट्यूबवर त्याआधी आठवडाभर जेवढे व्हिडिओ बघितले त्यातला प्रत्येक माणूस हेच सांगत होता की ६० वर शूट करा, नंतर हवं तर स्लो करता येतं, नको तर तसंच ठेवा. मला पटलं. कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. घरी आल्यावर टीव्हीला लावलं तर कार्यालयाची मागची भिंत श्वास घेत होती. म्हणजे शब्दशः, उजेड कमी जास्त कमी जास्त, आणि त्यात राखाडी पट्टे हळूहळू वर सरकतायत, अंगठी घालतानाच्या क्षणी बहिणीच्या कपाळावरून एक पट्टा गेला तो अजून डोळ्यासमोरून जात नाही. आई म्हणाली, "केबल सैल झालीये का रे?"

केबल सैल नव्हती.

चार दिवसांनी काकांच्या दुकानात त्यांचं फुटेज आणायला गेलो. काका म्हणजे ते मामाने सांगितलेले शूटिंगवाले, पन्नाशीच्या पुढचे, खांद्यावर मोठा व्हीएचएस कॅमेरा घेऊन फिरायचे तेव्हापासून लाईनमध्ये. त्यांचा आत्ताचा कॅमेरा माझ्यापेक्षा निदान आठ वर्षं जुना आहे आणि त्यांच्या व्हिडिओत एकही पट्टा नाही, तोच हॉल, त्याच ट्यूबा. मी माझी क्लिप मोबाईलवर दाखवली. त्यांनी दोन सेकंद बघितली आणि विचारलं, "कितीवर केलंस?"

"साठवर."

"आणि शटर?"

"एकशे वीस."

"अरे बाबा, कराडच्या लाईटीत अमेरिकेचं शटर कसं चालेल?"

या एका वाक्यात सगळं आलं खरं तर, पण मला ते नीट कळायला अजून दोन तीन रात्री गेल्या, म्हणून सविस्तर लिहितोय, कारण मराठीत कोणी हे सांगताना मला तरी सापडलं नाही आणि इंग्रजीत जे सांगतात ते बहुतेक तिकडच्या विजेच्या हिशोबाने सांगतात.

तर आपल्याकडची वीज २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे करंट सेकंदाला ५० वेळा पुढे मागे होतो, आणि प्रत्येक फेरीत दिवा दोनदा उजळतो, एकदा पुढच्या झोक्यात एकदा मागच्या, म्हणजे जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा भकभकते. आपल्या डोळ्याला ते कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं, कारण कॅमेरा सेकंदाचे तुकडे करून बघतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे ट्यूब १२० वेळा उजळते, त्यामुळे ६० एफपीएस आणि १/१२० शटर तिथे बरोब्बर बसतं, प्रत्येक फ्रेमला एक पूर्ण भकभक मिळते, सगळ्या फ्रेम सारख्या उजळ. तेच सेटिंग आपल्याकडे आणलं की शटर १/१२० सेकंद उघडं, पण भकभक १/१०० सेकंदाची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला भकभकीचा अर्धामुर्धा तुकडा मिळतो आणि दर फ्रेमला वेगळा तुकडा. एक फ्रेम उजळ, एक मध्यम, एक काळपट, परत पहिल्यासारखी. त्यात सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) वरून खाली ओळी ओळीने वाचला जातो, म्हणून नुसता उजेड कमीजास्त न होता पट्टे दिसतात. आणि कॅमेऱ्यातलं ६० हे खरं ६० नसून ५९.९४ असतं, म्हणून ते पट्टे एका जागी थांबत पण नाहीत, सरकत राहतात.

उपाय काकांनी उभ्या उभ्या सांगितला, "शटर पन्नासला नाहीतर शंभरला ठेव, बाकी काय पण कर." १/१०० शटर ठेवलं की एक पूर्ण भकभक, १/५० ठेवलं की दोन पूर्ण. मग फ्रेम रेट ६० असला तरी चालतं बरं का, ६० एफपीएस आणि १/१०० शटर आपल्याकडे घरात बऱ्यापैकी स्वच्छ येतं. म्हणजे माझ्या चुकीत फ्रेम रेटपेक्षा शटरचा वाटा मोठा होता. पण मग फ्रेम रेट पण पन्नासच्या पाढ्यातलाच का नाही घ्यायचा, २५, ५०, १००? मेनूमध्ये ते असतंच, फक्त एनटीएससी (अमेरिकेची टीव्हीची पद्धत) आणि पाल (आपल्याकडची) असा एक पर्याय कुठेतरी सेटअपच्या तिसऱ्या चौथ्या पानावर लपलेला असतो, तो पाल केला की ३०, ६०, १२० जाऊन २५, ५०, १०० येतात. काही कॅमेरे हे बदलताना कार्ड फॉरमॅट करायला लावतात, आधी कार्ड रिकामं करा, हे मी का सांगतोय ते ओळखा.

आता २५ चं कौतुक. व्हिडिओवाल्यांचा एक जुना नियम आहे की शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवायचं, २५ ला १/५०, ५० ला १/१००. त्याने हलणाऱ्या गोष्टींना जेवढ्यास तेवढा धूसरपणा येतो, हात हलला तर हातच हलल्यासारखा वाटतो, तुकडे तुकडे दिसत नाहीत. आता बघा, हा नियम सांगतो १/५० आणि आपली ट्यूब पण सांगते १/५०. एकाच आकड्यात दोन्ही कामं. महावितरणच्या मीटरवर चालणाऱ्या कुठल्याही हॉलमध्ये २५ आणि १/५० लावा आणि विसरून जा. अमेरिकेतल्या माणसाला २४ वर शूट करायचं असेल तर नियमाने १/४८ आणि लाईटीने १/६०, त्यालाच कुठेतरी तडजोड करावी लागते, आपल्याला नाही. आयुष्यात क्वचितच सिस्टीम आपल्या बाजूने असते, तर घ्या ना फायदा.

पण नाही, सगळ्यांना २४ पाहिजे. सिनेमॅटिक. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं आता. २४ मध्ये काही दैवी नाहीये. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग माणसाच्या मनगटावर, सोळा असेल अठरा असेल वीस असेल. १९२० च्या दशकाच्या शेवटी फिल्मवर आवाज आला आणि मग वेग एकच ठेवणं भाग पडलं, कारण चित्र थोडं जलद हळू झालेलं खपतं, आवाज नाही खपत. तेव्हा मिनिटाला ९० फूट फिल्म हा वेग ठरला, ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, करा गुणाकार, सेकंदाला २४. फिल्म महाग, त्यामुळे कमीत कमी किती वेगात आवाज बरा येतो आणि चित्र सलग दिसतं, त्याचा तो व्यवहारी आकडा आहे. शंभर वर्षं थिएटरात तेच बघून आपल्याला त्याची सवय झाली एवढंच.

(हाताने फिरवण्यावरून आठवलं, दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि पैसे लावणाऱ्यांना पटवायला आधी काय शूट केलं तर कुंडीतला वाटाणा. रोज थोडं थोडं एकेक फ्रेम करत, महिनाभर, आणि पडद्यावर बघता बघता कोंब फुटून वेल वर चढतो. म्हणजे फ्रेम रेटशी खेळणारा आपल्याकडचा बहुधा पहिला माणूस तोच, आणि त्याचा फ्रेम रेट होता दिवसाला मोजक्या फ्रेमचा. आपण साठ की पन्नास म्हणून भांडतोय.)

बरं २४ आणि २५ मधला फरक डोळ्याला कळतो का? आपण सगळे त्याची परीक्षा लहानपणीच देऊन बसलोय. २४ वर शूट केलेला सिनेमा पाल टीव्हीवर दाखवताना सरळ २५ ने पळवायचे, चार टक्के जलद. थिएटरातला अडीच तासाचा सिनेमा टीव्हीवर १४४ मिनिटात संपायचा, हिरोचा आवाज किंचित बारीक व्हायचा, आणि रविवारी संध्याकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या आमच्या वाड्यातल्या एकालाही ते कधी कळलं नाही. जाहिराती किती लागल्या हे मात्र सगळ्यांना कळायचं. मग साखरपुड्याच्या व्हिडिओत २४ नसल्याने काय अडतंय? शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांत पाल केलं की २४ यादीतून गायबच होतं, म्हणजे त्या एका फ्रेमसाठी परत एनटीएससी, परत कार्ड, परत कटकट.

५० ची गोष्ट वेगळी. ५० मी मुद्दाम वापरतो, पण सरसकट नाही. एडिटिंग करताना २५ च्या टाइमलाइनवर (क्लिपा एकामागे एक लावायची पट्टी) ५० चं फुटेज टाकून निम्म्या वेगाने चालवलं की छान मऊ स्लोमो येतो, हळद लावतानाचे हात, अक्षता उडतात तो क्षण, पोरं स्टेजवरून उड्या मारतात ते. पण ५० म्हणजे शटर १/१००, म्हणजे उजेड निम्मा, आणि आपली कार्यालयं आधीच अंधारी, मग आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) चढवा, मग फुटेजला दाणे येतात. त्यात काही कॅमेरे फोरकेमध्ये जास्त फ्रेम रेट घेतला की चित्र कडेने कापतात, वाइड लेन्स लावून पण अर्धं वऱ्हाड बाहेर. सोनीचा ए६४०० घ्या, फोरकेला ३० वर तो कापतो पण २५ वर पूर्ण सेन्सर वापरतो, नुसतं पाल केलं म्हणून तुम्हाला जास्त रुंद चित्र मिळतं, हे कोणी सांगितलं होतं का आपल्याला?

आणि भाषणं, गप्पा, आजी जुनं काहीतरी सांगतीये वगैरे ५० वर करून ५० वरच ठेवलं तर ते मला लाइव्ह क्रिकेट बघितल्यासारखं वाटतं, फारच सपक आणि समोर. कुणाला आवडतं. माझा भाऊ म्हणतो खरं वाटतं. मला ते बातम्यांसारखं वाटतं आणि आजी बातम्यांमध्ये नको वाटते.

१०० वर येऊ. १०० चं वेड मला गणपतीत लागलं, पुण्यात. ढोल पथकाचा सराव, नदीकाठी, संध्याकाळचं ऊन, मी १०० एफपीएसवर टिपरू ढोलावर पडतं ते शूट केलं आणि २५ वर चालवलं, चौपट हळू. काय दिसतं राव! पान आत दबतं, त्यावरची धूळ उडते, ती धूळ खाली यायच्या आत टिपरू परत वर गेलेलं असतं. दोन सेकंदाचं आठ सेकंद. मी वेड्यासारखा तासभर तेच करत बसलो, सगळं पथक, झेंडे, ताशेवाले, सगळं १०० वर. घरी आलो, कार्ड लावलं, आणि आवाज नाही. एकाही क्लिपला नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत स्लोमोचा जो वेगळा मोड असतो तो आवाज रेकॉर्डच करत नाही, आणि हे मला माहीत नव्हतं. ढोल ताशाचा तासभराचा मूकपट आहे माझ्याकडे. कुणाला पाहिजे असेल तर सांगा.

उन्हात शूट करताना अजून एक अडचण येते ती म्हणजे १/५० शटर फार हळू पडतं. भर दुपारी आयएसओ १०० आणि १/५० ठेवलं तर ॲपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तेवढं भोक बारीक) एफ/२२ च्या आसपास जातं, मागचं काही धूसर होत नाही आणि चित्र पण मऊ पडतं. एफ/२.८ वर यायचं तर सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड अडवायला लागतो, त्यासाठी काळी काच लावतात, एनडी फिल्टर, सहा स्टॉपचा म्हणजे एनडी६४. नसेल तर शटर चढवा, उन्हाला काही हर्ट्झ नसतं, पट्टे येणार नाहीत, फक्त चालणाऱ्या माणसांचे पाय जरा खटक खटक दिसतील. लोक शटर चढवतात आणि मग म्हणतात २५ फ्रेम कमी पडतात, जर्क मारतंय. २५ कमी पडत नाहीयेत, शटर १/१००० आहे तुझं. तसंच कॅमेरा गर्रकन फिरवला तरी २५ वर मागचं दृश्य उड्या मारत जातं, तिथे मात्र दोष २५ चाच आहे, त्याला उपाय हळू फिरवणे. काका तर म्हणतात कॅमेरा फिरवूच नको, माणसं फिरतात ना आपोआप.

आता मिक्सिंगचा किस्सा, कारण फ्रेम रेट ठरवायचं अजून एक कारण तिथे आहे. आतेभाऊ न्यू जर्सीला त्यांच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं शूटिंग करतो, त्याचं सगळं ३० वर, म्हणजे कागदावर ३०, खरं २९.९७. हा अपूर्णांक १९५३ चा आहे, तिकडे टीव्हीत रंग आणताना रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलला धक्का देऊ नये म्हणून ३० चं एक सहस्रांश कमी केलं आणि ती पाचर अजून बसलीये. तर त्याला इकडचा आणि तिकडचा गणपती एका व्हिडिओत पाहिजे होता. माझं २५, त्याचं ३०. २५ च्या टाइमलाइनवर ३० टाकलं की सॉफ्टवेअर दर सहा फ्रेममधली एक फेकून देतं, आणि आरतीचं ताट गोल फिरतं तिथे दर थोड्या वेळाने एक बारीक ठेच लागते. उलट केलं तर माझी दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते, ठेच तीच. त्याला म्हटलं, "दादा, तू पुढच्या वेळी २५ वर कर ना." तो म्हणाला, "अरे मग माझ्या हॉलमध्ये पट्टे येतील." बरोबर आहे त्याचं! त्याची वीज ६० ची. शेवटी असं ठरलं की त्याने ६० वर करायचं आणि मी ते २५ वर हळू करून वापरायचं, सगळ्या फ्रेम कामी येतात, ठेच नाही, आणि आरती स्लोमोत बरी दिसते. आवाज माझ्याकडच्या आरतीचा. न्यू जर्सीच्या लोकांना अजून कळलेलं नाही की ते सातारच्या आवाजात गातायत.

मोबाईलवाल्यांसाठी, आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे शो पाल फॉरमॅट्स असं आहे, चालू केलं की २५ दिसायला लागतं. बाकी फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ला बांधून टाका. फोनची अजून एक खोड म्हणजे फ्रेम रेट सांगतात ३० पण तो सारखा राहत नाही, अंधारात आपोआप खाली येतो, आणि मग लांब क्लिपला वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज जोडला की शेवटी शेवटी ओठ आणि शब्द वेगळे व्हायला लागतात. कीर्तनाच्या दीड तासाच्या क्लिपला हे झालं की बुवा बोलायचे थांबलेले असतात आणि अभंग चालूच.

२५ च्या विरोधात एक खरा मुद्दा आहे तो लपवत नाही. बऱ्याच फोनचे आणि लॅपटॉपचे स्क्रीन ६० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारे, ३० त्यात सरळ दोन दोनदा बसतं, २५ बसत नाही, काही फ्रेम दोनदा काही तीनदा दाखवायला लागतात. बारीक नजरेच्या माणसाला सरकतं अक्षर वगैरे किंचित अडखळताना दिसतं. त्यामुळे फक्त रील करायचंय, दिवसा उजेडी, बाहेर, तर ३० घ्या, काही बिघडत नाही. मी पण घेतो. पण चुन्याच्या रंगाच्या भिंती आणि चाळीस ट्यूबांच्या हॉलमध्ये ३० आणि १/६० वर मी आता जाणार नाही, तिथे ती अडखळ परवडली, पट्टे नको.

एलईडीबद्दल विचारतात लोक. चांगल्या एलईडीत भकभक नसते, स्वस्तातल्या बल्बमध्ये असते आणि तीच १०० वाली, त्यामुळे नियम तोच. डीजेवाल्यांच्या रंगीत पार लाईटी आणि मागची एलईडी वॉल यांचं मात्र स्वतःचंच गणित, त्यांना आपल्या विजेशी काही देणंघेणं नाही, तिथे शटर थोडं थोडं सरकवत बघायचं, १/५० वर नाही गेलं तर आसपास कुठेतरी पट्टे थांबतात. आणि लाईट जाऊन जनरेटर सुरू झाला की तोही बरोबर ५० वर चालेलच असं नाही, डोलत असतो, २५ वर असूनसुद्धा हलकी लाट येते. तेव्हा शटर १/५० वरच ठेवलं तर लाट जेमतेम दिसते. जनरेटरवाल्याला मात्र काही बोलायला जायचं नाही, त्या दिवशी त्याच्या मागे सगळेच लागलेले असतात.

साखरपुड्याच्या त्या पट्ट्यांचं काय केलं, तर फ्लिकर घालवायचं एक प्लगइन मिळालं ट्रायलवर, रात्रभर रेंडर केलं, पट्टे गेले पण चेहरे मेणाचे झाले. शेवटी काकांचंच फुटेज वापरलं आणि माझी फक्त बाहेर अंगणात रांगोळी काढतानाची वीस सेकंदं. लग्न वैशाखात झालं, तेव्हा कॅमेरा पालवर होता. डायलवर तीन नंबर सेव्ह करून ठेवलेत, एकवर २५ आणि १/५०, दोनवर ५० आणि १/१००, आणि तीनवर १००, त्याच्या शेजारी आईने पापडाच्या डब्याला लावते तसली चिकटपट्टी लावून पेनाने लिहून दिलंय, "आवाज येत नाही".